जीटीडी, छोट्या सवयी, डीप वर्क की पोमोडोरो: आधी कोणाचं ऐकायचं?

कामं उरकण्याच्या पद्धती शिकवणारी चार-पाच पुस्तकं लागोपाठ वाचली की एक ठरलेली अडचण होते, सगळीच पटतात. वाचताना मान डोलत असते, अर्ध्या ओळींवर हायलायटर फिरलेला असतो, आणि पुस्तक मिटल्यावर सोमवारी सकाळी नेमकं करायचं काय ते मात्र कळत नाही, कारण एक सांगतो डोक्यातलं सगळं लिहून काढा, दुसरा सांगतो एकच एवढीशी गोष्ट रोज करा, तिसरा म्हणतो दार लावून घ्या आणि चौथा म्हणतो अर्धी कामं सोडूनच द्या. मग लोक चारही एकदम सुरू करतात. नवी वही, नवं अ‍ॅप, पहाटेचा अलार्म. नव्याचे नऊ दिवस संपले की पहिले पाढे पंचावन्न, आणि दोष कोणाला, तर स्वतःच्या आळसाला.

माझं म्हणणं साधं आहे. या पद्धती एकाच दुखण्यावरची वेगवेगळी औषधं नाहीयेत, दुखणीच वेगळी आहेत. त्यामुळे 'बेस्ट पुस्तक कुठलं' हे विचारायच्या आधी तुमचं घोडं नक्की कुठे अडतंय ते बघा. कामं लक्षातूनच जातात का? की लक्षात असतात पण हात लागत नाही? की हात लागतो पण सलग तासभर मिळत नाही? की हे सगळं ठीक चाललंय पण मुळात कामंच चार माणसांची आहेत?

लक्षातून जातं त्यांच्यासाठी: जीटीडी

डेव्हिड अ‍ॅलनची ही पद्धत, मूळ पुस्तक 'गेटिंग थिंग्ज डन' (म्हणजेच जीटीडी) 2001 चं. पाच पायऱ्या आहेत, गोळा करा, त्याचा अर्थ लावा, जागच्या जागी लावा, अधूनमधून बघा, मग करा. ऐकायला सरकारी वाटतं पण यातली दुसरी पायरी खरंच सोनं आहे, आणि नेमकी तीच लोक गाळतात.

यादीतली एखादी ओळ घ्या, 'इन्शुरन्स'. बस, एवढंच लिहिलेलं असतं. ही ओळ महिनाभर तिथेच पडून राहते, रोज नजर जाते आणि रोज घसरते, कारण ते काम नाहीच, ती नुसती काळजी आहे. अ‍ॅलन विचारतो की पुढची हाताने करायची कृती कोणती? मग लक्षात येतं की रिन्यू करायला फोन करायचाय, पण फोन करायला पॉलिसी नंबर हवा, तो जुन्या मेलमध्ये आहे. म्हणजे खरी ओळ झाली 'मेलमधून पॉलिसी नंबर शोधून वहीत लिहिणं'. हे कोणीही आत्ता उठून करू शकतं. माझ्या मते अख्ख्या जीटीडीमधलं हे एक वाक्य उचललं तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निकने 1927 मध्येच मांडलं होतं. पुढे 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांत दिसलं की काम संपवायचीही गरज नसते, ते कधी आणि कसं करणार याचा पक्का प्लॅन केला तरी डोकं ते बऱ्यापैकी सोडून देतं. यादी केल्यावर जे हलकं वाटतं ना ते उगाच नाही.

आता तोटा. जीटीडी सांभाळावं लागतं. आठवड्यातून एकदा सगळ्या याद्या उघडून बसायचं, जुनं काढायचं, कोणाकडून काय यायचंय ते बघायचं, आणि हे आरामात तास-दीड तास खातं. पद्धत मोडते ती इथेच. दोन आठवडे रिव्ह्यू चुकला की यादीत शिळ्या गोष्टी साठतात, यादीवरचा विश्वास जातो, आणि विश्वास गेला की डोकं पुन्हा स्वतःच लक्षात ठेवायला लागतं, मग दोन्हीकडून त्रास. अजून एक, काही लोकांना याद्या लावण्यातच इतकी मजा येते की कामाचा नंबरच लागत नाही. रंगीत लेबलं वगैरे. तुम्ही त्यातले असाल तर यापासून लांब राहा, कागद आणि पेनवर भागवा.

हात लागत नाही त्यांच्यासाठी: छोट्या सवयी

इथे दोन नावं, जेम्स क्लिअर ('अ‍ॅटॉमिक हॅबिट्स', 2018) आणि त्याच्या आधीपासून वर्तनावर संशोधन करणारा बी. जे. फॉग. दोघांचं सार सारखंच, गोष्ट इतकी लहान करा की नाही म्हणायला जागाच उरू नये, आणि ती रोज आधीच होत असलेल्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला बांधा. फॉगचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रश करून झाल्यावर फक्त एका दाताला फ्लॉस करायचा. एकाच दाताला! हसू येतं, पण यात दात दुय्यम आहे, 'ब्रशनंतर हे' हा सांधा पक्का करायचाय.

एक गोंधळ आत्ताच मिटवून टाकू कारण तो फार जणांचा होतो. अ‍ॅलन आणि क्लिअर दोघांचाही 'दोन मिनिटांचा नियम' आहे आणि दोघांचा काही संबंध नाही. अ‍ॅलन म्हणतो की दोन मिनिटांत होणारं काम यादीत टाकत बसू नका, आत्ताच करून मोकळे व्हा. क्लिअर म्हणतो की नवी सवय सुरुवातीला दोन मिनिटांत होईल एवढीच ठेवा. पहिला कामं संपवण्यासाठी आहे, दुसरा सुरुवात करण्यासाठी. अदलाबदल केली की वाट लागते, म्हणजे सकाळी महत्त्वाच्या कामाला बसायचं आणि त्याऐवजी दोन-दोन मिनिटांचे मेल उडवत दुपार करायची, वर नियम पाळल्याचं समाधान!

सवयींच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते 21 दिवसांच्या गोष्टीने. तिचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात, पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे तो 'किमान' गळाला आणि चेहऱ्याच्या जागी काहीही आलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, जो 2010 मध्ये छापून आला, 96 जण होते आणि एखादी गोष्ट आपसूक व्हायला साधारण 66 दिवस लागले, पण पसारा 18 पासून 254 पर्यंत. म्हणजे बाविसाव्या दिवशी जड जात असेल तर तुमच्यात काही खोट नाहीये, अजून वेळ झालेली नाही इतकंच. त्याच अभ्यासात हेही दिसलं की एखाद दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे मला 66 पेक्षा कामाचं वाटतं, कारण बहुतेकांची सवय चुकलेल्या दिवसाने मोडत नाही, त्यानंतरच्या 'आता काय, गेलंच' ने मोडते.

क्लिअरच्या पुस्तकातला रोज एक टक्का सुधारणेचा हिशोब मात्र मनावर घेऊ नका. 1.01 चा 365 वा घात 37.78 येतो हे गणित बरोबर आहे, पण कुठलाही माणूस वर्षात कशातही 37 पट होत नसतो, काही दिवस पुढे, काही दिवस आहे तिथेच, मध्ये आजारपण, असंच चालतं. ते प्रोत्साहन म्हणून वाचा आणि पुढे चला.

आणि याची मर्यादा कुठे? सवय त्याच गोष्टींची लागते ज्या रोज जवळपास सारख्याच असतात. लिहायला बसण्याची सवय लागेल, रिपोर्ट सवयीने लिहून होणार नाही, तिथे विचार करावाच लागतो. शिफ्ट दर आठवड्याला बदलणाऱ्यांना 'सकाळी सहाला' असली सवय टिकणं कठीण, त्यांनी घड्याळाऐवजी घटनेला बांधावी, ड्युटीवरून आल्यावर, आंघोळ झाल्यावर, असं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झरने 1990 च्या दशकात मांडलेलं 'असं झालं की मी तसं करेन' हे सूत्र इथे फार कामी येतं आणि सांभाळायला जवळजवळ शून्य मेहनत. मला तर वाटतं एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही.

सलग वेळ मिळत नाही: डीप वर्क आणि पोमोडोरो समोरासमोर

दोन्ही लक्ष एकाग्र करण्याबद्दल, पण स्वभाव पूर्ण वेगळे.

कॅल न्यूपोर्टचं डीप वर्क (2016) म्हणतं की अवघड कामासाठी मोठे, न तुटणारे तुकडे राखून ठेवा, दिवसाचा प्रत्येक तास आधीच वाटून घ्या, आणि संध्याकाळी काम ठरवून बंद करा. यामागे सोफी लेरॉयचं 2009 चं संशोधन आहे, एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की लक्षाचा एक भाग मागच्याच कामात अडकून राहतो. म्हणून 'एक मिनिट मेसेज बघतो' हे एका मिनिटाचं नसतं. पोमोडोरो मात्र फ्रान्चेस्को चिरिलोने 1980 च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलं, 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी.

ज्याला काम नकोसं वाटतं, भीती वाटते, त्याच्यासाठी पोमोडोरो. टॅक्सची कागदपत्रं, रटाळ चॅप्टर, साठलेले मेल. 25 मिनिटं कोणीही सहन करू शकतं. पण जे काम डोक्यात उतरायलाच वीस मिनिटं घेतं, म्हणजे कोडिंग, अवघड गणित, मोठं लिखाण, तिथे टायमर शत्रू होतो. सगळे धागे एकदाचे हातात आलेत, पुढची ओळ बोटांवर आहे, आणि टिंग. आता उठा म्हणे. अशा वेळी सरळ टायमर बंद करावा, किंवा 50 मिनिटांचा लावावा. नियम मोडला म्हणून कोणी पकडायला येत नाही.

डीप वर्कची अडचण वेगळीच, ते तुमच्या हातात असावं लागतं. ज्याचं कॅलेंडर दुसरेच भरतात, जो कस्टमर सपोर्टला आहे, वॉर्डमध्ये ड्युटीला आहे, ज्याच्या घरी दोन वर्षांचं मूल आहे, त्याला 'चार तास कोणी डिस्टर्ब करू नका' सांगणं ही थट्टाच झाली. पुस्तक लिहिणारा प्राध्यापक आहे हे वाचताना विसरू नये. अर्थात तोही म्हणतो की नवख्याला दिवसाला तासभर खोल लक्ष हीच मर्यादा, सरावलेल्यांनाही चारेक तासांच्या वर नाही. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून दोन-तीन वेळा एक-एक तास पकडावा, फोन दुसऱ्या खोलीत (उलटा करून टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीत), आणि घरच्यांना किंवा टीमला आधी सांगून. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी पोमोडोरोच घ्यावं, आणि मध्ये कोणी आलं तर त्याचं काम कागदावर टिपून 'दहा मिनिटांत येतो' म्हणावं.

कामंच जास्त आहेत

रात्र थोडी सोंगं फार असेल तर वरचं काहीच पुरत नाही. उलट जास्त पटापट कामं उरकणाऱ्याकडे अजून कामं येतात, हे ऑफिसात दिवस काढलेल्या कोणालाही माहीत आहे. ऑलिव्हर बर्कमनचं 2021 चं पुस्तक याच मुद्द्यावर उभं आहे, 80 वर्षांचं आयुष्य म्हणजे साधारण 4000 आठवडे, सगळं होणार नाहीच. त्याची एक युक्ती उचलण्यासारखी आहे: दोन याद्या ठेवा, एक मोठी उघडी, दुसरी बंद आणि तिच्यात जास्तीत जास्त दहा गोष्टी. दुसरीतलं एक संपल्याशिवाय पहिलीतून नवं आत घ्यायचं नाही. जीटीडीच्या बरोबर उलटं, तिथे सगळं पकडायचं, इथे दारातच अडवायचं. फक्त बॉसला 'नाही' म्हणायची सोय हवी. ती नसेल तर निदान 'हे आधी करू की ते' एवढं विचारा, मग काय मागे पडणार तेही त्याच्याच तोंडून ठरतं.

मग घ्यायचं काय

आपलं दुखणं कळत नसेल तर आठवडाभर रोज रात्री एकच ओळ लिहा, आज राहिलेलं मोठं काम कोणतं आणि का राहिलं. 'विसरलो', 'टाळलं', 'मध्ये चौघं आले', 'वेळच नव्हता', यातलं जे जास्त वेळा येईल तिथून सुरुवात. पुस्तक पुन्हा वाचायची गरज नाही.

मिसळायचंच असेल तर जीटीडीची 'पुढची कृती' आणि गोलविट्झरचं 'असं झालं की तसं' यांची जोडी छान जमते, जेवण झाल्यावर पॉलिसी नंबर शोधणार, संपलं. डीप वर्क आणि पोमोडोरो एकाच कामाला लावू नका. पूर्ण जीटीडी आणि बर्कमनच्या बंद याद्या एकत्र तर अजिबात नको, डोक्यात भांडण होईल.

आणि एका वेळी एकच, निदान दोन महिने. सोडायचं कधी, तर पद्धत सांभाळायला लागणारा वेळ तिने वाचवलेल्या वेळापेक्षा जास्त वाटायला लागला की. जीटीडीमध्ये हे रविवारी रिव्ह्यू टाळण्यातून कळतं, सवयींमध्ये ट्रॅकरवर खोट्या टिका मारायला लागलात की कळतं, पोमोडोरोमध्ये पाच मिनिटांची सुट्टी चाळीसची झाली की. तेव्हा पद्धत सोडा, पण तिच्यातलं जे एखादं आपोआप होत राहिलंय तेवढं राहू द्या.