महिन्याला येणारा चित्रकलेचा खोका: आठ महिन्यांनंतर, आणि जास्त करून त्यातल्या कात्रीबद्दल

काल नववा खोका दारात आला. सदस्यत्व मी आधीच्या आठवड्यात रद्द केलं होतं, तसा मेसेजही आला होता, तरी आला. न उघडता परत पाठवला आणि लिहायला बसले.

खोक्यात काय असतं हे बहुतेकांना माहीत आहे. वयोगट निवडायचा, मग दर महिन्याला चार उपक्रमांचं साहित्य येतं, सोबत सूचनापुस्तिका आणि प्रत्येक उपक्रमाच्या पानावर तयार वस्तूचा मोठा फोटो. आम्ही ३ ते ६ वर्षांचा गट घेतला. लेक तेव्हा नुकतीच चार वर्षांची झाली होती. ती घरीच शिकते, त्यामुळे चित्र, कातरकाम, मातीकाम यांची निवड माझ्यावरच आहे, आणि ती निवड कोणीतरी जाणत्याने करून द्यावी म्हणून मी पैसे भरले.

कात्रीपासून सुरुवात करते. पहिल्या खोक्यात बोथट टोकांची, प्लास्टिकच्या मुठीची छोटी कात्री आली. पुढच्या सगळ्या उपक्रमांत तीच वापरायची असते, म्हणजे बाकी सगळा खोका तिच्यावर उभा आहे. लेकीने कागद धरला, कात्री मिटली, आणि कागद दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकला. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. ती म्हणाली, "आई, ही कात्री कागद चावत नाही, नुसती चोखते." मी घेतली तर व्यवस्थित कापत होती. मग मी तिला धरायला शिकवलं, अंगठा वर, कोपर अंगाशी. तरी तेच. साधारणपणे तिसऱ्या वर्षी मुलं कागदाच्या कडेला चुटचुट काप देतात, चौथ्या वर्षी सरळ रेघेवरून कापतात, पाचव्याच्या आसपास गोल कापायला लागतात. हे मला माहीत होतं आणि त्यामुळेच काळजी लागली. तीन महिने मी धरून चालले की तिच्या बोटांत जोर कमी आहे. कपड्यांचे चिमटे लावून घे, माती मळून घे, सगळं केलं. ती कात्रीचं नाव काढलं की उठून जायला लागली.

लेक डावखुरी आहे. कात्री उजव्या हाताची होती. एवढंच.

हे नीट सांगते, कारण दहातलं साधारण एक माणूस डावखुरं असतं आणि हे कुठल्याही सूचनापुस्तिकेत मला सापडलं नाही. नेहमीच्या कात्रीत वरचं पातं उजवीकडे असतं. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात. त्या जोराने दोन्ही पाती एकमेकांवर घासली जातात आणि कागद कापला जातो. तीच कात्री डाव्या हातात गेली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. मग फट पडते आणि कागद त्या फटीत दुमडतो. शिवाय वरचं पातं कापायच्या रेघेवरच येतं, म्हणून मूल मान वाकडी करून रेघ शोधत बसतं. कात्री उलटी धरूनही फरक पडत नाही, कारण उलटी केली तरी वरचं पातं उजवीकडेच राहतं. डाव्या हाताच्या कात्रीत पात्यांची जागाच उलट बांधलेली असते.

कंपनीला कळवलं, व्हिडिओ पाठवला. आठ दिवसांनी हुबेहूब तशीच दुसरी कात्री आली. पुन्हा फोन. मग "दोन्ही हातांसाठी" असं छापलेली तिसरी आली. तिची मूठ दोन्ही बाजूंनी सारखी होती, पाती मात्र उजव्या हाताचीच. दोन्ही हातांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कात्रीत हे हमखास बघा: मूठ नाही, पातं. फोनवरच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तिला उजव्या हाताने वापरायची सवय लावता येईल का?" मी फोन ठेवला. त्या आठवड्यात खऱ्या डाव्या हाताची कात्री वेगळी विकत घेतली. लेकीने पहिल्या दिवशी जुन्या वर्तमानपत्राच्या इतक्या पट्ट्या कापल्या की जमीन दिसेना. तिच्या बोटांत काहीही कमी नव्हतं.

इथपर्यंतचा मजकूर मी चौथ्या महिन्यात लिहून ठेवला होता आणि एक तारा देणार होते. दिला नाही, कारण पाचवा खोका आला.

त्यात लाल, पिवळा, निळा आणि पांढरा अशा पोस्टर कलरच्या चार बाटल्या होत्या. एक जाड, आखूड दांड्याचा ब्रश, चिकटपट्टीचं एक रीळ आणि जाड कागदाचे ४० कोरे ताव. फोटो नाही. पुस्तिकेत दोनच ओळी, की रंग एकमेकांत मिसळू द्या आणि काय झालं ते मुलाला सांगू द्या. मला वाटलं पॅकिंग करताना काहीतरी राहिलं. पण ते साहित्य सहा आठवडे पुरलं. पहिले चार दिवस सगळं तपकिरी झालं, कारण ती प्रत्येक वेळी तिन्ही रंग एकत्र करत होती. मी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी तिने निळा बाजूला ठेवला आणि नारिंगी सापडला. मग कितीतरी दिवस फक्त पांढऱ्यात चिमूटभर काहीतरी मिसळून बघणं. माझ्या चिकटपट्टीच्या तुकड्यांवरून तिने रंग फासला, पट्टी सोलली आणि खाली पांढरी रेघ निघाली, तेव्हा ती ओरडलीच. पुढचे दहा ताव पट्ट्यांचे.

त्याच काळात तिच्या कागदावर वर्तुळं यायला लागली, मग वर्तुळात फुली, मग चहूबाजूंनी काड्या असलेला सूर्य, आणि एक दिवस त्या सूर्याच्या खालच्या दोन काड्या लांब झाल्या, आत डोळे आले आणि तो "बाबा" झाला. र्‍होडा केलॉग या अमेरिकन शिक्षिकेने लहान मुलांची दहा लाखांहून जास्त चित्रं गोळा केली होती आणि गिरगोट्यांचे २० मूळ प्रकार नोंदवले होते. गिरगोट्यांपासून वर्तुळ, सूर्य आणि माणूस हा प्रवास तिने दाखवला. तो स्वतःच्या घरात बघायला मिळाला याचा आनंद मला शब्दांत मांडता येत नाही. आणि तो घडला कारण कागद भरपूर होते. इतर खोक्यांत साहित्य मोजून येतं. एक ससा, दोन कान, दोन डोळे. कान फाटला की उपक्रम संपला. चार वर्षांच्या मुलीला एकच गोष्ट तीस वेळा करायची असते आणि खोका तिला एकदाच करू देतो.

सहाव्या महिन्यात पुन्हा ससा आला. मी घड्याळ लावलं: ११ मिनिटं, त्यातली निम्म्याहून जास्त माझी, कारण कान तिने पोटावर चिकटवले होते आणि तिला स्वतःलाच ते फोटोशी जुळत नाहीत म्हणून रडू आलं. पाचव्या खोक्याच्या सहा आठवड्यांत तिने "चुकलं" हा शब्द रंगांच्या बाबतीत वापरला नव्हता. मी कंपनीला विचारलं की तो पाचवा प्रकार पुन्हा मिळेल का, जास्त पैसे देऊन घेते. उत्तर आलं की तो बंद केला आहे, पालकांच्या तक्रारी आल्या, शेवटी दाखवण्यासारखं काही तयार होत नाही. मला वाईट वाटलं ते कंपनीपेक्षा त्या मुलांसाठी.

सातव्या खोक्यापासून बक्षीस-तक्ता सुरू झाला, प्रत्येक पूर्ण उपक्रमाला चांदणीचा स्टिकर. तो मी लावलाच नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग मला आधीपासून माहीत होता. तीन ते पाच वर्षांची, आपणहून स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं की सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढलं. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं, त्यांची आवड कमी झाली नाही. आमच्या घरी ती आवड आत्ताच कुठे परत आली होती, तीही कात्रीच्या तीन महिन्यांनंतर.

डोळ्यांसाठी येणारे चिकटवायचे छोटे मणी दोन वर्षांच्या धाकट्याच्या तोंडातून मी दोनदा काढले. खोक्यावर तीन वर्षांपुढील असं लिहिलेलं आहे, चूक त्यांची नाही. पण घरात लहान भावंड असेल तर तो पुडा आधी काढून ठेवा.

आता मी काय घेते ते सांगते. खोक्याच्या एका महिन्याच्या पैशात मूळ रंगांच्या मोठ्या बाटल्या आणि कागदाचा गठ्ठा येतो आणि तीन महिने चालतो. छपाईचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) असतो, ओला रंग लागला की सुरकुततो आणि फाटतो. रंगासाठी १५० च्या पुढचा घ्या, कोरड्या खडूसाठी साधाच पुरतो. मेणाचे खडू तुटले तर फेकू नका. आखूड तुकडा मुठीत नीट धरता येत नाही, म्हणून मूल तो आपोआप बोटांच्या चिमटीत धरतं. त्याच खडूने काढून वरून पातळ पाणरंग फिरवला की मेणावर पाणी ठरत नाही आणि रेघ उजळून दिसते. हे लेकीला आठवडाभर पुरलं. माती ओलीच आणते, वापरून झाली की ओल्या फडक्यात गुंडाळून बंद डब्यात ठेवते. उपक्रम निवडताना मी आता एकच बघते: तिला तो उद्या पुन्हा, वेगळा करता येईल का. येत नसेल तर आणत नाही.

दोन तारे देते आहे, दोन्ही पाचव्या खोक्याचे. डावखुऱ्या मुलाच्या पालकांनी खोका घेतलाच तर कात्री आधी वेगळी घ्यावी. आमची खिळ्याला टांगली आहे, लेकीच्या हाताला लागेल आणि धाकट्याच्या लागणार नाही अशा उंचीवर. नवव्या खोक्याचे पैसे अजून परत आलेले नाहीत. आले की इथेच लिहीन.