दोन नर ससे भांडतात: नसबंदी की वेगळे पिंजरे?

इंदिरानगरातल्या एका ताईंचे दोन नर ससे वयात येताच एकमेकांचे केस उपटू लागलेत. नसबंदी करावी की कायमचं वेगळं ठेवावं, असा त्यांचा प्रश्न. आपोआप मिटेल म्हणून थांबू नका, ताई. कान फाटतो, अंडकोषाला चावा बसतो. आजच वेगळे करा, मग ठरवा.

खर्च म्हणाल तर नसबंदीचा एकदाच. पण सशांना भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टरच हवा. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायला सांगितलं, तर दुसरा डॉक्टर गाठा. वेगळ्या पिंजऱ्यांना पैसे कमी, जागा दुप्पट. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये दोन्ही पिंजरे सावलीत, हवेशीर बसवणं फ्लॅटच्या बाल्कनीत अवघडच.

खरी मेहनत नसबंदीनंतरची. हार्मोन उतरायला चार-सहा आठवडे जातात. मग दोघांनाही नवख्या जागेत, थोडा थोडा वेळ, नजरेसमोर सोडायचं. गोल गोल पाठलाग सुरू झाला की मध्ये पुठ्ठा घाला, हात नाही. तरी काही जोड्या जुळतच नाहीत.

ससे तरुण आणि तुमच्याकडे वेळ असेल, तर नसबंदीच. म्हातारे, आजारी किंवा रक्त निघेपर्यंत भांडलेले असतील, तर पिंजरे वेगळे, पण शेजारी. मध्ये नाक-पाय पोहोचणार नाहीत एवढं अंतर ठेवून.