माटुंग्यातलं बाइंडिंग: वेळ लावतात, पण काम चोख

बाबांनी यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात) असल्यापासून जपलेले प्रा. एम. एम. शर्मांचे शोधनिबंध माटुंग्यात बांधून घेतले. वायू द्रवात शोषला जाताना रासायनिक क्रियाही होत असेल तर शोषणाचा वेग किती वाढतो, हा सरांचा हातखंडा विषय. १९९० साली ते ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेचे फेलो झाले! असे कागद स्पायरलमध्ये अडकवणं मनाला पटेना.

बाइंडिंगवाल्या काकांनी गंजलेल्या पिना एकेक करून काढल्या, दोऱ्याची शिलाई घातली. कटिंगमध्ये एकाही आलेखाची कड गेली नाही, हे विशेष. खंड सपाट उघडतो, शिवणीजवळची समीकरणंही नीट वाचता येतात. रेक्झिन, सोनेरी अक्षरं झकास. तारीख मात्र पाळत नाहीत, फोन करत राहावं लागतं. तरी थिसिस बांधायचा असेल तर बिनधास्त इथेच द्या.