भाड्याचा फिल्टर संच: ओल्या खडकासाठी उत्तम, वाळूपुढे नाजूक

कॅमेऱ्याच्या लेन्सवर चढवायचा ७७ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरत्या कड्याचा फिल्टर) आणि ६ स्टॉपचा एनडी (दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारी गडद काच), असा हा साधा संच. कोल्हापुरातून घाट उतरून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी भाड्याने का होईना, जरूर न्यावा.

खरी कमाल पोलरायझरची. सिंधुदुर्गातला कलादगी गटाचा (एका प्राचीन खडकसमूहाचा) वालुकाश्म आपल्या सह्याद्रीच्या साधारण साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. तो ओला असला की पाण्याची चकाकी थर झाकून टाकते. कॅमेऱ्याचा खडकाच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन साधून पोलरायझरचं कडं फिरवलं, की चकाकी जाते आणि तिरपे थर, तांबूस पट्टे वर येतात. मात्र चकाकी पूर्ण घालवू नका. दगडात गोठलेल्या तरंगखुणांचा उंचसखलपणा त्या चकाकीवरच कळतो. ती सगळी गेली तर खडक सारवलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात अर्धाच परिणाम ठेवावा.

एनडी ठीक आहे. १/३० सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे २ सेकंदांवर जातं. दोन्ही एकावर एक चढवले तर वाइड लेन्सवर कोपरे काळे पडतात.

ताब्यात घेताना कडं कानाजवळ फिरवून बघाच. करकर आली तर आत वाळू आहे, दुसरा मागा. काचेवर खारे तुषार उडाले तर कोरडं फडकं अजिबात नको, सोबत आलेले वाळूतले क्वार्ट्झचे कण ओरखडे पाडतात. आधी हवा फुंकणारा ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं.