मिक्सक्लाउड: डीजे मिक्स ठेवायला घ्यावं का?

डीजेने गाणी एकमेकांत मिसळून सलग वाजवली की त्याला मिक्स म्हणतात. तासाभराच्या मिक्समध्ये सहज वीस गाणी बसतात. प्रत्येक गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुतेक वेळा लेबलाकडे, म्हणजे गाणं बाजारात आणणाऱ्या कंपनीकडे असतो, तर गीत-संगीताचा हक्क गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे. म्हणजे एक मिक्स रीतसर पॉडकास्ट म्हणून सोडायचा तर चाळीसेक परवानग्या लागणार, आणि एकट्यादुकट्या डीजेला ते जमणारं काम नाही. मिक्स आणि रेडिओ-शो ऐकवणाऱ्या लंडनच्या मिक्सक्लाउड या सेवेने हा गुंता स्वतःच्या अंगावर घेतलाय, म्हणून मिक्स कुठे ठेवू असं कुणी विचारलं की आधी त्याचंच नाव घ्यावं लागतं. फक्त अटी वाचून घ्या. न वाचता अपलोड केलं तर मनस्ताप ठरलेला.

मिक्सक्लाउड २००८ सालापासूनचं. तीन मोठ्या लेबलांपैकी वॉर्नरशी त्यांनी २०१७ मध्ये थेट परवाना-करार केला, २०१८ मध्ये युनिव्हर्सल आणि सोनीशी, आणि स्वतंत्र लेबलांच्या वतीने करार करणाऱ्या मर्लिनशीही. अपलोड केलेला ऑडिओ फिंगरप्रिंटिंगने, म्हणजे आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेने तपासला जातो, आत कुठली गाणी वाजली ते शोधलं जातं आणि त्यावरून हक्कदारांचे पैसे ठरतात. यामुळे इथे मिक्समध्ये लेबलाचं गाणं सापडणं हा गुन्हा ठरत नाही. इतर ठिकाणी नेमकं त्याच गोष्टीवरून मिक्स उडतो.

मग हाच मिक्स आरएसएस फीडवरून (नवा भाग श्रोत्याच्या ॲपपर्यंत आपोआप पोचवणाऱ्या यादीवरून) साध्या पॉडकास्टसारखा का देता येत नाही? कारण पॉडकास्टची फाइल ऐकणाऱ्याच्या फोनवर उतरते. लेबलांच्या नजरेत ती गाण्याची प्रत वाटणं झालं, नुसतं वाजवणं नव्हे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ११४ इंटरनेट रेडिओला ठरलेल्या दराने परवाना देतं, पण फक्त स्ट्रीमिंगपुरता, आणि तेही ऐकणाऱ्याला हवं ते गाणं हव्या त्या क्षणी लावता येत नसेल तर. डाउनलोड त्यात बसतच नाही. मिक्सक्लाउडवरच्या बहुतेक जाचक वाटणाऱ्या अटी याच कलमाच्या साच्यातून आल्यात.

सगळ्यात जास्त मिक्स अडकतात ते गाण्यांच्या मर्यादेवर. कलम ११४ नुसार तीन तासांच्या अवधीत एका अल्बममधली जास्तीत जास्त तीन गाणी चालतात, त्यातली सलग दोनच. एका कलाकाराची जास्तीत जास्त चार, त्यातली सलग तीनच. मिक्सक्लाउडचे नियम याच धर्तीवर आहेत आणि मर्यादा मोडणारा शो काही देशांत, मुख्यतः अमेरिकेत, ऐकू येत नाही. टेक्नो-हाऊसवाल्याला हे फारसं जाणवत नाही, कारण त्याच्या सेटमध्ये वीस गाण्यांमागे वीस कलाकार असतात. आपल्याकडच्या डीजेला मात्र हे थेट आडवं येतं. ‘सैराट’च्या अल्बममध्ये गाणी मुळात चारच. चारही एका मिक्समध्ये घेतली की अल्बमची मर्यादा तिथेच ओलांडली. अजय-अतुल विशेष, नव्वदच्या दशकातल्या एकाच संगीतकाराचा तास, एकाच गायकाला मानवंदना, हे सगळे प्रकार इथे अडचणीत येऊ शकतात. त्यात आपल्या चित्रपटसंगीताच्या माहितीत ‘कलाकार’ या रकान्यात कधी संगीतकाराचं नाव असतं, कधी गायकाचं, त्यामुळे मोजणी कुणाच्या नावावर होणार याचा भरवसा नाही. अशा शोमध्ये एका संगीतकाराची तीन गाणी झाली की थांबावं आणि मधे दुसऱ्याचं घालावं. मिक्स थोडा सैल पडेल, पण अमेरिकेतल्या मराठी श्रोत्यापर्यंत पोचेल तरी.

विनाशुल्क ऐकणाऱ्यालाही बंधनं आहेत. त्याला मागे जाऊन एखादा ड्रॉप (बीट जोरात परत येतो तो क्षण) पुन्हा ऐकता येत नाही. पुढे काय वाजणार आहे याची यादी आधी दिसत नाही, गाणं सुरू झालं की मग नाव दिसतं. फाइल उतरवून घेता येत नाही. पैसे भरणाऱ्या श्रोत्याला यातलं बरंच मोकळं होतं. मिक्स पुन्हा पुन्हा ऐकून शिकणाऱ्या नवख्या डीजेला ही मागे न जाण्याची अट फार खटकते, आणि ते साहजिक आहे. सेवेचं खरं न्यून माझ्या मते हेच.

अपलोड करताना घाई नको. रेकॉर्डबॉक्स किंवा सेराटो या डीजे-सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेला तासाभराचा वेव्ह मिक्स सीडी दर्जात साधारण ६३५ एमबी होतो, तोच ३२० केबीपीएस एमपी३ केला तर १४४ एमबी. घरगुती ब्रॉडबँडवर अपलोडचा वेग बेताचा असतो, तेव्हा एमपी३ पुरे. रेकॉर्डिंग संपल्या संपल्या सॉफ्टवेअरमधली हिस्टरी, म्हणजे वाजलेल्या गाण्यांची नोंद, मजकूर-फाइल म्हणून बाहेर काढा. दुसरा सेट वाजवून झाल्यावर ती शोधत बसणं नकोसं होतं. हिस्टरीमध्ये हेडफोनवर लावून पाहिलेली, पण प्रत्यक्षात न वाजवलेली गाणीही कधीकधी शिरतात, ती काढून टाका. मग कलाकार आणि गाणं अशा क्रमाने यादी शोमध्ये भरा. रीमिक्स असेल तर रीमिक्स करणाऱ्याचं नाव शीर्षकात हवंच, नाहीतर नोंद मूळ गाण्याच्या खात्यावर जाण्याची शक्यता.

फिंगरप्रिंट कुठे फसतं हेही माहीत असू द्या. मॅशअपमध्ये एकाचा गळा आणि दुसऱ्याचा बीट असतो, तिथे यंत्रणा एकाच गाण्यावर बोट ठेवते. एकच ध्वनिमुद्रण पाच संकलनांत निघालेलं असलं तर भलत्याच अल्बमचं नाव येऊ शकतं. टेम्पो आणि पिच बराच वाढवला की गाणं ओळखूच येत नाही. काहीजण मुद्दाम पिच चढवून यंत्रणेला चकवायला बघतात. तसं करू नका. ज्याचं गाणं वाजवलं त्याचे पैसे बुडतात, आणि मिक्सही चिपमंकसारखा वाजतो.

खात्याच्या बाबतीत एक मर्यादा आधीच लक्षात घ्या: फुकट खात्यावर एका वेळी दहाच शो लोकांना दिसतात. आठवड्याला एक शो करणाऱ्याचा कोटा अडीच महिन्यांत संपतो. त्यापुढे प्रो वर्गणी भरायची, नाहीतर जुने शो काढायचे. महिन्याला एखादा मिक्स टाकणाऱ्याला फुकट खातं जवळपास वर्षभर पुरतं, त्याने उगाच प्रो घेऊ नये. थेट प्रक्षेपण करणाऱ्याला मात्र प्रो घेण्यात अर्थ आहे. मिक्सक्लाउडने २०२० च्या टाळेबंदीत लाइव्ह सुरू केलं, आणि गाण्यामुळे मधेच प्रक्षेपण तुटण्याची धास्ती तिथे बरीच कमी होते.

इतर पर्याय पाहू. यूट्यूबवर कंटेंट आयडी ही गाणी ओळखणारी यंत्रणा गाणं पकडते, त्यावर लेबलाचा दावा लागतो आणि पुढचा निर्णय लेबलाचा: जाहिरातीचे पैसे घेऊन मिक्स राहू द्यायचा, की अमुक देशात किंवा सगळीकडे बंद करायचा. वीसपैकी एका लेबलाने बंद म्हटलं की पूर्ण तास गेला. असा दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, हा फरक ध्यानात ठेवा. यूट्यूब स्टुडिओ या पानावर जाऊन तेवढा तुकडा कापता येतो किंवा म्यूट करता येतो. मिक्समध्ये मात्र गाणी एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे कापलेली जागा कानाला बोचते. कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाबद्दल चॅनेलवर लागणारा ठपका, वेगळा. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेलच बंद होऊ शकतं. साउंडक्लाउड या ऑडिओ-सेवेने २०१४ ते २०१६ या काळात याच तिन्ही मोठ्या लेबलांशी करार केले, तरी डीजेंना तिथे मिक्सक्लाउडइतका निर्धास्तपणा मिळत नाही. थेट प्रक्षेपणाच्या ट्विच या सेवेची डीजेंसाठीची योजना २०२४ मध्ये आली. तीत कमाईचा वाटा लेबलांना जातो, पण सोय थेट प्रक्षेपणापुरती. नंतर ठेवायच्या रेकॉर्डिंगला ती लागू नाही, म्हणजे पॉडकास्टसाठी उपयोग शून्य.

भारतात बसून हे करणाऱ्यांचे दोन गैरसमज काढून टाकणं गरजेचं वाटतं. कार्यक्रमासाठी पीपीएलचा (लेबलांच्या वतीने ध्वनिमुद्रणाचे परवाने देणाऱ्या संस्थेचा) परवाना काढला म्हणजे त्या रात्रीचा सेट नेटवरही टाकता येतो, हा पहिला. तो परवाना त्या हॉलमध्ये किंवा पबमध्ये गाणी वाजवण्यापुरता असतो, अपलोड ही निराळी बाब. गीत-संगीताचं काम आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था पाहते, तेही वेगळं. दुसरा गैरसमज तीस सेकंदांचा. तेवढं वाजवलं तर चालतं, अशी कुठलीही सूट १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात नाही. याच कायद्यात रेडिओ केंद्रांना ठरलेल्या दराने परवाना देणारं कलम ३१ड आहे. त्याचा आधार इंटरनेटवर घेता येईल का, हा प्रश्न टिप्स हे लेबल आणि विंक हे गाण्यांचं ॲप यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने २०१९ मध्ये नाही असा निकाल दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे ऑनलाइन वापरासाठी लेबलाशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

डाउनलोड होणारा खराखुरा पॉडकास्टच हवा असेल तर छोटी लेबलं गाठा. त्यातली अनेक हो म्हणतात, कारण मिक्स ही त्यांची जाहिरातच असते. मेलमध्ये गाण्याचं नाव, आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक), साधारण किती मिनिटं वाजणार, स्ट्रीम की डाउनलोड, कुठल्या देशांत, किती काळ आणि शोमधून कमाई होते की नाही, हे सगळं पहिल्याच वेळी लिहा. गीत-संगीताचा हक्कही त्यांच्याकडे आहे का, तेही विचारा. उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा परवानगी म्हणून धरू नका. प्रोमो म्हणून, म्हणजे प्रकाशनाआधीच डीजेला पाठवलेलं गाणं असेल तर प्रकाशनाची तारीख पाहा आणि त्याआधी शो बाहेर काढू नका. नाहीतर पुढचा प्रोमो येणार नाही.

आणि मिक्सची मूळ वेव्ह फाइल, हिस्टरीची यादी आणि परवानगीचे मेल एकाच फोल्डरमध्ये, दुसऱ्या डिस्कवरही ठेवा. लेबलांचे करार बदलतात. आज मुंबईत वाजणारा शो उद्या वाजेनासा झाला तर कुठलं गाणं काढून तो पुन्हा चढवायचा, हे त्या फोल्डरवरूनच कळतं.