हाउसिंग उघडलंच नाही, आणि क्राऊन-पिनियनचे ३८,५०० रुपये घेतले

ज्यांची गाडी मागच्या चाकांवर चालते आणि क्लच सोडताना खालून 'खट्ट' असा आवाज येतो, त्यांनी गॅरेजला जाण्याआधी हे वाचा. माझ्याकडून ३८,५०० रुपये उकळले गेले आहेत. क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात, म्हणजे हाउसिंगमध्ये, इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) २१,८००, बेअरिंग आणि ऑइल सील ६,२००, गिअर ऑइल १,५००, मजुरी ९,०००. खरा दोष निघाला प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, क्रॉसमध्ये, म्हणजे टोकाच्या वाकत्या सांध्यात. दुसऱ्या मिस्त्रीने दोन्ही क्रॉस बदलले, ग्रीस भरलं आणि मजुरीसकट २,३५० घेतले. आवाज गेला.

पहिल्या गिअरला क्लच सोडला की खट्ट. रिव्हर्स टाकला की खट्ट. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला तरी तेच. पण एका वेगाने चालताना काही नाही, घोंघावणं नाही की रडणं नाही. हे सगळं मी त्या पहिल्या गॅरेजवाल्याला सविस्तर सांगितलं होतं. क्राऊन-पिनियनचे दात किंवा पिनियनचं बेअरिंग गेलं की गाडी बहुतेक वेळा वेगात रडते आणि ॲक्सिलरेटर सोडला-धरला की त्या रडण्याचा सूर बदलतो. माझी गाडी कधीच रडली नव्हती. तो म्हणाला, "आधी असंच असतं साहेब, मग एकदम बसतं. रस्त्यात दात तुटला तर मागचं चाक जाम होईल." घरची माणसं ज्या गाडीत बसतात तिच्याबद्दल हे ऐकल्यावर कोण दुसरीकडे विचारत फिरेल?

आता ज्या क्षणाची मला रोज चीड येते तो क्षण. त्याने मागचं एकच चाक जॅकवर उचललं, गिअर टाकला आणि चाक हाताने मागेपुढे हलवलं. चाक बोटभर मोकळं फिरायचं आणि मग खट्ट. "बघा, एवढा प्ले आहे, क्राऊन संपला." मी डोळ्यांनी बघत होतो, कानांनी ऐकत होतो. पण त्या बोटभर मोकळेपणात सगळ्यांचा वाटा असतो: गिअरबॉक्स, दोन्ही क्रॉस, शाफ्टची सरकती स्प्लाइन (खाचांचा जोड), क्राऊन-पिनियन, आतले छोटे गिअर, ॲक्सलची टोकं. थोडा प्ले तर धडधाकट गाडीतही असतो. त्यातला क्राऊनचा किती, हे चाक हलवून कळतच नाही. शाफ्ट त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. क्रॉसच्या अलीकडचा आणि पलीकडचा योक (क्रॉस धरून ठेवणारा दुफाटा) दोन हातांत धरून उलटसुलट पिळला असता तर तिथेच दिसलं असतं. त्याने शाफ्टला हातसुद्धा लावला नाही. त्याला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. ज्याला क्राऊनचा भाव तोंडपाठ आहे त्याला क्रॉस तपासता येत नाही? तो मला दाखवायचं तेवढंच दाखवत होता.

दुसऱ्या मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली आणि आधी क्रॉसच्या कपांभोवतीची लाल भुकटी दाखवली. ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या की ती बाहेर येते. मग हाउसिंगकडे बोट केलं. बोल्टांवर जुन्या चिखलाचा थर तसाच, पाना लागल्याची एक खूण नाही. माझ्या गाडीचं क्राऊन-पिनियन बदलायचं तर शाफ्ट सोडावा लागतो, दोन्ही ॲक्सल बाहेर काढावे लागतात, ऑइल सांडावं लागतं. आतलं ऑइल काळं, जुनं. म्हणजे १,५०० रुपयांचं ऑइलसुद्धा भरलेलं नव्हतं! मला दाखवलेले खड्डे पडलेले 'जुने' दात कुठल्या गाडीचे होते, देव जाणे. मी ते मागितले तेव्हा म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला.

जुना सुटा भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हाउसिंग उघडताना समोर उभे राहा, फोटो काढा. ऑइल काढायच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असेल तर घाबरू नका, चकत्या किंवा दाताचे तुकडे निघाले तर मात्र गोष्ट खरी. आणि क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलतात. शिम (पातळ पत्र्याच्या रिंगा) लावून, डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजून बसवतात. "किती ठेवला?" एवढं विचारा. उत्तर मिलिमीटरच्या अंशांत आलं पाहिजे.

मी २०,००० यूपीआयने दिले, १८,५०० रोख. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल" म्हणाला आणि कोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. तोच कागद घेऊन पोलिसांकडे गेलो. हवालदाराने अर्ज पूर्ण वाचलासुद्धा नाही. "हा दिवाणी मामला आहे, गाडी दुरुस्त झाली ना?" न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. त्यानंतर पुन्हा गेलो तर अर्ज कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नाही, पोचही नाही, आणि वर मलाच विचारतात की एवढे पैसे दिलेच का. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. समोरच्याने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद केल्याचा मेसेज आला! चोराने उत्तर दिलं नाही की चोरी मिटते का? वाहन खात्यात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे?

अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या, ती मिळेपर्यंत तिथून हलू नका. क्रॉसच्या आवाजाकडे दुर्लक्षही करू नका, चालत्या गाडीत शाफ्ट सुटला तर जीवावर बेतेल. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना खुणा करायला लावा, नाहीतर बसवल्यावर गाडी थरथरते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्टही बघून घ्या, ते ढिले असले तरी असाच ठोका येतो.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पहिल्याने हाउसिंग उघडलंच नव्हतं, असं दुसऱ्या मिस्त्रीने लिहून, सही करून दिलंय. चिखल बसलेल्या बोल्टांचे फोटो तारखेसकट आहेत. रोख दिलेल्या १८,५०० चा पुरावा तेवढा त्या कोऱ्या कागदावरचे आकडे.