‘लाइफटाइम क्लाउड’ म्हणून आम्हाला काय विकलं

मुंबईत लोहार चाळीत आमचं इलेक्ट्रिक सामानाचं होलसेल दुकान आहे, गोडाऊन भिवंडीला. दोन्हीकडून एकाच हिशोबात बिलं काढता यावीत म्हणून सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या सर्व्हरवर, न्यायचं ठरलं. ओळखीतून एक विक्रेता आला. त्याचं पहिलंच वाक्य, "सव्वीस जुलै आठवतोय ना शेठ? काउंटरखालचा सर्व्हर पाण्यात गेला तर?" २००५ चा तो पाऊस दाखवून या शहरात अजून काय काय विकतात!

ऑफर होती ‘लाइफटाइम क्लाउड, पैसे एकदाच’. सगळी मेख इथेच आहे. ऑन-प्रिमाइसमध्ये, म्हणजे दुकानातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, लायसन्स एकदा घेतलं की सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चालतं. अपडेट हवे असतील तर पुढे वर्षाचे पैसे भरायचे, पण डेटा आपल्याच हार्डडिस्कवर राहतो. खऱ्या क्लाउडला माणशी महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं असतं, आणि ते थांबलं की लॉगिन बंद. दूरच्या सर्व्हरचं भाडं कुणाला तरी कायम भरावंच लागतं. मग एकदाच पैसे घेणारा ते कुठून भरणार? पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून, जमेल तोवर.

प्रत्यक्षात त्याने दिलं काय, तर डेस्कटॉपवर रिमोट कनेक्शनचं एक आयकॉन. क्लिक केलं की कुठल्या तरी भाड्याच्या विंडोज मशीनचा स्क्रीन उघडायचा आणि त्यात आमचंच जुनं, दुकानात चालणारं सॉफ्टवेअर बसवलेलं. तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. आमचे हिशोबनीस मेहताजी, त्यांनी एकदा बिलाची पीडीएफ शोधायला सी ड्राइव्ह उघडला, तर तिथे दुसऱ्या फर्मचे फोल्डर ओळीने मांडलेले, त्यात एक केमिस्टचाही. आपल्याला त्यांचे दिसतात म्हणजे आमचे खरेदीचे भाव त्यांनाही दिसत असणार, हे मेहताजी शांतपणे म्हणाले.

ऑडिटला सीएने ऑडिट ट्रेल मागितला. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून कोणती नोंद कधी बदलली याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. शिवाय हिशोबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा. ते मशीन कुठल्या देशात आहे हे विक्रेत्याला सांगता येईना, आणि व्हर्जन इतकं जुनं की त्यात ऑडिट ट्रेलच नाही. लायसन्स क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं होतं हे सीएच्या मुलाने ओळखलं.

डेटा परत मागितला तर ‘एक्स्पोर्टचे वेगळे चार्जेस’. घासाघीस चालू असतानाच सर्व्हर बंद पडला आणि त्याचा फोनही. त्याच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटीसुद्धा आमच्या २बीमध्ये (पुरवठादारांनी भरलेली बिलं दाखवणारा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता) कधी दिसलाच नव्हता.

विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवरून मिळाली, खरेदी २बीवरून जुळवली. पण उधारी आणि स्टॉक? ते कुठल्याच सरकारी पोर्टलवर नसतं. मेहताजींच्या वहीवरून आणि गिऱ्हाइकांच्या शब्दावर उधारी मांडली. काहींनी स्वतःहून जास्त सांगितली, काहींना काहीच आठवेना!

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम रोखणं अवघड होतं. आम्ही चेक दिला होता. ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं, तर धंद्यासाठी वस्तू-सेवा घेणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा ग्राहक धरत नाहीत, वकिलांनी सांगितलं. पोटापुरता स्वयंरोजगार असेल तर वेगळी गोष्ट. आता दिवाणी दावा चालू आहे.

क्लाउड घेणाऱ्यांनो, लायसन्स आणि सर्व्हर या दोन्हीची बिलं तुमच्या फर्मच्या नावाने मागा. मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवा. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून पूर्ण डेटा पेन ड्राइव्हवर उतरवून दाखवायला सांगा, मग तोच डेटा दुकानातल्या मशीनवर उघडून बघा. आमच्याकडे पुढे आलेल्या दोन विक्रेत्यांपैकी एक जण हे ऐकून चहा न पिताच उठला.